भरतीचं टाइमटेबल

मंडळी, ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीतही गेली. मग नेरूळच्या डीपीएस तलावासाठी एवढा आटापिटा कशाला?

लॉजिक साधं आहे. भरतीत खाडीतला चिखल बुडतो, तेव्हा हे पक्षी ओहोटीपर्यंत अशा उथळ पाणथळींवर थांबतात. बीएनएचएसने (१८८३ पासूनची आपली मुंबईची संस्था) वर्षानुवर्षं पक्षी मोजले, पायात कड्या घातल्या, २०२२ मध्ये जीपीएस टॅगही लावले. त्यामुळे खाडी आणि तलाव एकच घर आहे, हे ठामपणे मांडता आलं.

२०२४ मध्ये तलावात येणारं भरतीचं पाणी अडलं. त्याच वर्षी तिथे फ्लेमिंगो मेले. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलाव संवर्धन राखीव करायला मंजुरी दिली.

असो. मोसमात बघायला जाणार असाल तर भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला रिकामा तलाव पाहून कुणालाही वाटेल, इथे वाचवण्यासारखं आहे काय?