नाव न घेण्याचा इतिहास

वाचकहो, या लेखात एका मुलीच्या खटल्याची हकिगत आहे, पण तिचं नाव तुम्हाला इथे सापडणार नाही. कायद्याच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांत, आंदोलनाच्या पत्रकांत ते असंख्य वेळा छापलं गेलं आहे. तुमच्यापैकी काहींना ते आठवेलही. तरीही ते मी लिहीत नाही, आणि गावाचं नावही वगळतो. असं का, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं एक पोलीस ठाणं. चौदा ते सोळा वर्षांची, मजुरी करून पोट भरणारी मुलगी भावाच्या फिर्यादीवरून रात्री जबाबासाठी ठाण्यात आली. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर काढलं आणि तिला मात्र थांबवून घेतलं. आपल्यावर अत्याचार झाला, अशी तक्रार तिने बाहेर येऊन केली. दोन पोलिसांवर खटला चालला. १९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांना पुन्हा निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, आणि प्रतिकार नाही म्हणजे संमती, असा एकूण युक्तिवाद होता.

मी डॉक्टर आहे, त्यामुळे हा निकाल वाचताना माझी नजर वैद्यकीय तपासणीच्या ओळींवर थांबली. कौमार्यपटल पूर्वीच फाटलेलं आहे, दोन बोटं सहज जातात, अशा त्या नोंदी. त्या रात्री काय घडलं याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण मुलगी कशी होती हे ठरवायला त्या वापरल्या गेल्या. डॉक्टरने कागदावर लिहिलं, न्यायालयाने ते निकालात घेतलं, आणि निकाल छापला गेला. एका मुलीच्या देहाविषयीची ती माहिती आजही कोणीही उघडून वाचू शकतो.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. निमूट शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा गाभा. त्या पत्राने देश हलला. १९८० साली मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ ही संघटना उभी राहिली, मोर्चे निघाले, विधी आयोगाने ८४ वा अहवाल दिला. अखेर १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली.

या दुरुस्तीतल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. कोठडीतल्या अत्याचारात संभोग सिद्ध झाला आणि संमती नव्हती असं स्त्रीने साक्षीत सांगितलं, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं. अशा खटल्यांची सुनावणी बंद दाराआड व्हायची. आणि भारतीय दंडविधानात २२८-अ हे नवं कलम आलं : पीडितेचं नाव, किंवा जिच्यावरून ती ओळखू येईल अशी कोणतीही माहिती छापणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद.

इतिहासातली विसंगती इथेच आहे. ज्या मुलीमुळे नाव झाकणारा कायदा आला, तिचं नाव झाकलं गेलं नाही. तिच्या विरोधकांनी ते घेतलं आणि तिच्या बाजूने लढणाऱ्यांनीही घेतलं. पुढे कित्येक वर्षांनी पत्रकार तिला शोधत तिच्या दारापर्यंत गेले.

कायद्यालाही भोकं होती. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे निकाल छापणं हा २२८-अ खाली गुन्हा नव्हता. निकालपत्रांतही नाव असू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितलं, तेही आपल्या कर्नाटकातून गेलेल्या पुट्टराजा खटल्यात. स्त्रीची चालचलणूक वाईट आहे असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारं १८७२ च्या पुरावा कायद्यातलं पोटकलम सव्वाशेहून अधिक वर्षं टिकलं आणि २००२ च्या अखेरीस गेलं.

दोन बोटांची चाचणी त्याहून चिवट निघाली. ती पीडितेच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते, असं सर्वोच्च न्यायालय २०१३ मध्ये म्हणालं. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की अशी तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल. पन्नास वर्षं ! माझ्या व्यवसायबंधूंना हे शिकायला इतका काळ लागला, हे लिहिताना संकोच वाटतो.

डिसेंबर २०१८ च्या एकाच आठवड्यात दोन निकाल आले. ५ तारखेला महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता मिळाली. ११ तारखेला निपुण सक्सेना खटल्यात न्यायालय म्हणालं की पीडिता हयात नसली तरी नातलगांच्या परवानगीने नाव जाहीर करता येणार नाही. खरोखर गरज आहे की नाही ते सत्र न्यायाधीश ठरवतील. आंदोलनाला प्रतीक हवं असेल, तर त्यासाठी खरं नाव लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच संरक्षण कलम ७२ मध्ये आहे.

आता माझ्याविषयी. अशा प्रकरणातली कायदेशीर तपासणी आम्हा होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे नसते. पण गल्लीतला दवाखाना आमचा असतो. झोप उडाली, अन्न जात नाही, अंगाला कापरं भरतं, असं सांगत आई मुलीला आधी आमच्याकडेच आणते. आमच्या पद्धतीत हकिगतीवरूनच औषध काढायचं असतं, त्यामुळे दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही ते आमच्या केसपेपरवर उतरतं.

पस्तीसएक वर्षांपूर्वी अशीच एक हकिगत मी ऐकली. संध्याकाळी मित्रांच्या बैठकीत, हळहळूनच, तिचा विषय काढला. नाव घेतलं नाही. घराची एक खूण तेवढी बोलून गेलो. महिन्याच्या आत ते कुटुंब दवाखान्यात यायचं बंद झालं. वर्षभरात गावही सोडून गेलं. माझ्या बोलण्यामुळेच, असं कोणी मला म्हटलं नाही. म्हणायला कोणी उरलंही नव्हतं. याहून अधिक सांगितलं तर तीच चूक पुन्हा करेन.

पुढे २२८-अ वाचताना ‘नाव किंवा ओळख पटेल अशी कोणतीही माहिती’ या शब्दांवर मी थांबलो. हे कलम छापणाऱ्यांसाठी आहे, चहाच्या बैठकीसाठी नाही. पण त्या दिवशी मी केलं ते तेच होतं.

आम्हा जैनांच्या घरी लहानपणापासून चोरीची व्याख्या शिकवतात : अदत्तादान, म्हणजे न दिलेलं घेणं. सज्ञान पीडितेने स्वतः लेखी संमती दिली तर तिचं नाव छापायला कायदा आडवा येत नाही, आणि स्वतःच्या नावानिशी उभ्या राहणाऱ्या स्त्रियांचं धैर्य मोठंच आहे. ते नाव त्यांनी दिलेलं असतं. न दिलेलं नाव आपण उचलतो, तेव्हा हेतू कितीही चांगला असो, तो अपहारच.

वाचकहो, उद्या तुमच्या कानावर अशी एखादी गोष्ट येईल. ‘कोण गं ती ? कुठली ?’ हा प्रश्न ओठांवर येईल. तेवढा एक प्रश्न गिळा. तिला मदत करायला त्याचं उत्तर लागत नाही.