सात्यांचा कुलवृत्तांत

आमच्याकडील घराण्यांस आपले कुलवृत्तांत छापून काढण्याची मोठी हौस. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून आला, शाखा कोठें फुटल्या, हें सारें जुन्या सनदा व क्षेत्रोपाध्यांच्या वह्या धुंडाळून जमवावयाचें, आणि वही संपली कीं आख्यायिकेवर निभावून न्यावयाचें, ही रीत वाचकांस परिचित आहेच. आज ज्या घराण्याचा वृत्तांत आम्ही सांगणार आहोंत त्याजपाशीं सनद नाहीं, वहीही नाहीं. त्याचा इतिहास त्याच्या शरीरांतच लिहिलेला आहे, व तो बाहेर काढणें हेंच कष्टाचें काम आहे.

हें घराणें म्हणजे गडचिरोली व चंद्रपूर या वनप्रदेशांत पावसाळ्यांत वारुळांपाशीं उगवणाऱ्या अळंब्यांचें. तिकडे त्यांस सात्या म्हणतात. चार दिवस पाऊस लागून मग उघडीप पडली कीं टोंकदार माथ्याच्या या पांढुरक्या छत्र्या जमिनींतून वर येतात, आणि बायका पहाटेच रान गांठतात. बाजारांत त्यांस चांगला भाव येतो. शहरांतील सुशिक्षित मनुष्य मात्र अळंबें म्हटलें कीं विषाच्या भयानें दूर सरतो. तें भय अगदींच निराधार नाहीं. रानांतील अळंबीं खाऊन विषबाधा झाल्याच्या वार्ता पावसाळ्यांत येतातच. परंतु गोंड वा माडिया बाई वारूळ पाहते, खालीं खोल गेलेला देंठ पाहते, आणि निश्चिंतपणें टोपली भरते. ती ज्यास सात्या म्हणते ती एक जाति कीं अनेक, याचें उत्तर मात्र आम्हां पदवीधरांस नुसत्या डोळ्यांनीं देतां येत नाहीं.

उधईच्या वारुळांत बुरशीचे मळे असतात, हें युरोपीय विद्वानांत प्रथम लिहून ठेवणारा कोनिग नांवाचा वैद्य. तो लिनीअसचा शिष्य. तंजावर प्रांतांतील वारुळांचें निरीक्षण करून त्यानें आपला निबंध १७७९ सालीं प्रसिद्ध केला. त्या वेळीं तंजावरच्या गादीवर भोसल्यांचे तुळजाराजे होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. उधई वाळलेला पाला व लांकूड चावून त्याचें स्पंजासारखें पोळें रचते, त्यावर ही बुरशी वाढविते आणि तिच्यावर उपजीविका करते. पावसांत त्याच पोळ्यांतून देंठ वर निघतो, तीच सात्यांची छत्री. १९४२ सालीं फ्रेंच पंडित हाइम यानें या अळंब्यांची टर्मिटोमायसीज ही स्वतंत्र प्रजाति ठरविली. पण तिच्या जाती वेगळ्या करावयाच्या त्या रंग, आकार व बीजकण यांवरून. आणि रंग तर एका सरीनें बदलतो. म्हणून डीएनए काढणें आलें.

येथें बुरशी आपला स्वभाव दाखविते. तिच्या पेशीभोंवतीं कायटिन नांवाच्या द्रव्याचा तट असतो. खेकड्याची पाठ ज्याची बनलेली असते तेंच हें द्रव्य. ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञानें १८११ सालीं तें प्रथम शोधिलें तें अळंब्यांतच. पुढें १८६९ सालीं मीशर यानें जखमांच्या पट्ट्यांवरील पुवांतून पेशीकेंद्रांतील आम्ल वेगळें काढलें. पुवांतील पेशींस असा तट नसतो, म्हणूनच तें त्यास साधलें असें आम्हांस वाटतें. १८७९ च्या सुमारास कोसेल यानें यीस्टवर, म्हणजे एका बुरशीवरच, प्रयोग केले. आणि येथूनच एक चमत्कारिक गैरसमज जन्मास आला. यीस्टमधून निघे तें आम्ल एक प्रकारचें, वासराच्या थायमस ग्रंथींतून निघे तें दुसऱ्या. त्यावरून वनस्पतींचें आम्ल निराळें व प्राण्यांचें निराळें, असें विद्वान कित्येक वर्षें मानीत. १९२४ सालीं फॉयल्गेन यानें वनस्पतींच्या पेशीकेंद्रांतही थायमसवालें आम्ल दाखवून हा समज ढांसळविला. खरी गोष्ट अशी कीं यीस्टमध्यें दोन्ही असतात, पण आरएनए पुष्कळ व डीएनए थोडें. पुष्कळ होतें तेंच हातीं लागलें, आणि हातीं लागलें तेंच सर्वस्व ठरलें!

आजही अळंब्यांतून डीएनए काढणाऱ्यास या दोन्ही अडचणी भेटतात. तट फोडण्यासाठीं नमुना शून्याखालीं १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनांत गोठवून खलांत कुटावा लागतो. मग मीठ व साबणाच्या जातीचें सीटॅब यांच्या द्रावणांत ६५ अंशांवर ठेवून, क्लोरोफॉर्म मिसळून, यंत्रांत गरगर फिरवितात. प्रथिनें मधल्या थरांत अडकतात. वरच्या निवळींत मद्यार्क ओतला कीं पांढरे तंतू दिसूं लागतात. सोबत आलेलें आरएनए खाऊन टाकावयास एक वेगळें पाचकद्रव्य घालावें लागतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं वाळलेल्या अळंब्यांवर पहिला प्रयोग केला तेव्हां भला मोठा चिकट गोळा निघाला, व आम्हीं सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. तपासाअंतीं ती निव्वळ शर्करांची खळ ठरली.

परंतु हा खटाटोप एकदां साधला कीं कुलवृत्तांताचीं पानें उलगडूं लागतात. १९९० सालीं व्हाइट, ब्रन्स, ली व टेलर यांनीं बुरशीच्या डीएनएतील एका विशिष्ट तुकड्याच्या प्रती काढण्याची सोय करून दिली. २०१२ सालीं तोच तुकडा बुरशीच्या ओळखीची खूण म्हणून मान्य झाला. उधई व तिची बुरशी या दोहोंचे डीएनए ताडून आनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं दाखविलें कीं उधईची ही शेती एकदांच, आफ्रिकेंत, सुमारें तीन कोटि वर्षांपूर्वीं सुरू झाली, आणि त्या कुळांतील एकाही शाखेनें ती पुढें सोडली नाहीं. मनुष्याच्या शेतीस उणींपुरीं दहा-बारा हजार वर्षें झालीं. एवढेंच नव्हे, तर बुरशी ही वनस्पतींपेक्षां प्राण्यांस अधिक जवळची, असेंही या तंतूंवरून ठरलें. आम्ही तिचा अभ्यास वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांतच केला, व अद्यापि तोच विभाग ती शिकवितो!

तथापि एक धोका आहे. काढलेला डीएनए जगांतील सार्वजनिक संग्रहांशीं ताडून नांव ठरवितात. त्या संग्रहांतील बुरशींच्या नोंदींपैकीं वीस टक्क्यांपर्यंत नोंदी चुकीच्या नांवावर असाव्यात, असें २००६ च्या एका पाहणींत आढळलें. क्षेत्रोपाध्याच्या वहींत दुसऱ्याच घराण्याचें नांव घुसावें तसाच हा प्रकार. आणि ज्या अळंब्यावर कोणाचें जेवण अवलंबून आहे त्याच्या बाबतींत तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. यावर उपाय म्हणजे मूळ नमुना जपून ठेवणें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत जुने बुरशीतज्ज्ञ आजरेकर यांच्या नांवाचा वाळविलेल्या बुरशींचा संग्रह आहे. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. सात्यांचे नमुने तेथल्या तेथें, वारुळाच्या वर्णनासह व स्थानिक बोलींतील नांवासह, ठेवले जावेत असें आमचें मत आहे. हीं नांवें लिहून ठेवण्याकडे आम्हां प्राध्यापकांचें दुर्लक्षच झालें.

गेल्या पावसाळ्यांत त्या भागांतील आमच्या एका विद्यार्थिनीनें कांहीं नमुने वाळवून आणले. प्रत्येक पाकिटावर तिनें आजीनें सांगितलेलें नांव लिहिलें आहे. त्यांतील दोन पाकिटांवर नांवें निरनिराळीं आहेत. आंतील अळंबीं आम्हांस भिंगाखालींही अगदीं सारखीं दिसतात, आणि आजी म्हणते कीं तीं एक नव्हेत. त्यांचे तंतू अजून काढावयाचे आहेत.