पल्ला आणि मुक्काम : खानदेशातल्या गाड्या आणि विजेवरची व्हॅन

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत विजेवरची व्हॅन कशाला? प्रश्न रास्त आहे. पण जळगाव-धुळ्याकडे कुणी अशी गाडी पाहायला गेलं की पहिला प्रश्न विचारतं, "एका चार्जिंगला जाते किती?" आमचं म्हणणं असं की हा प्रश्न खानदेशात निदान साडेतीनशे वर्षं विचारला जातोय. फक्त तेव्हा गाडीला बैल होते.

आपल्या भाषेत त्याला शब्दही आहे, पल्ला. मौज अशी की पल्ला म्हणजे अंतर, आणि पल्ला हे धान्याचं मापही. किती लांब आणि किती ओझं, दोन्हीला एकच शब्द. जुन्या लोकांना ठाऊक होतं की या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. ओझं वाढलं की अंतर घटतं. बैलाचं तेच, बॅटरीचंही तेच.

सतराव्या शतकात जाऊ. सुरतेहून आग्र्याला जाणारा मोठा रस्ता खानदेशातून जायचा. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा आणि पुढं बुऱ्हाणपूर. ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या रस्त्यानं गेला होता. त्यानं बंजाऱ्यांच्या दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचं वर्णन केलंय. तांदूळ, धान्य, मीठ पाठीवर लादलेलं. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला, तर बाकीच्यांना तो पुढं सरकेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावं लागे.

त्याच्या लिखाणातला आणखी एक तपशील आमच्या विषयाचा आहे. प्रवाशांच्या गाडीचे बैल दिवसभर चालले की संध्याकाळी त्यांना कणीक, तूप आणि काळ्या गुळाचे गोळे चारत. म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला दुसऱ्या दिवसाचा पल्ला भरून घ्यायचा. आज आपण त्याला चार्जिंग म्हणतो.

बंजाऱ्यांच्या या व्यापाराला लदेणी म्हणत. त्यात काम आणि घर वेगळं नव्हतं. बायका-मुलं, भांडीकुंडी, कुत्री, सगळं तांड्याबरोबर. जिथं पाणी आणि चारा तिथं मुक्काम. आज 'व्हॅनमध्ये राहून काम करणं' ही नवी टूम म्हणून सांगतात. चाळीसगाव, पाचोरा, जामनेर भागातल्या तांड्यांवरच्या म्हाताऱ्यांना ती नवी वाटणार नाही.

१८१८ नंतर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. मुंबई-आग्रा रस्ता बांधला गेला. लळिंग, धुळे, सोनगीर, नरडाणा, शिरपूर, पळासनेर ही त्यावरची गावं. पक्का रस्ता झाल्यावर पाठीवर ओझं लादण्यापेक्षा बैलगाडी परवडू लागली. भरलेली गाडी दिवसाला साधारण वीस-पंचवीस किलोमीटर जाते. म्हणून या रस्त्यांवर तेवढ्या-तेवढ्या अंतरानं विहीर, धर्मशाळा, झाडांची सावली आणि कडबा विकणारा माणूस असावाच लागे. गाडीच्या मागं थोडा कडबा बांधलेला असे, पण सगळा चारा बरोबर नेला तर माल कुठं ठेवणार? तेव्हा गाडी चालायची ती बैलांच्या बळावर आणि मुक्कामांच्या साखळीवर.

या साखळीतला बराचसा भाग नफ्यासाठी उभा राहिलेला नव्हता. अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी बांधलेल्या विहिरी, बारवा आणि धर्मशाळा आपण पुण्यकर्म म्हणून आठवतो. ते होतंच. पण वाहतुकीच्या दृष्टीनं पाहिलं तर ती सार्वजनिक सोय होती. गरीब गाडीवानालाही तिथं पाणी मिळे, पाठ टेकता येई.

मग रेल्वे आली. १८६० च्या दशकात चाळीसगाव, जळगाव, भुसावळ रुळांवर आले. त्याच वेळी, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जळगावची बाजारपेठ फुगली ती या काळात. पुढं १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा झाला, ताप्ती व्हॅली रेल्वे अमळनेरपर्यंत आली.

आता शाळेत शिकवतात की रेल्वे आली आणि बैलगाडी मागं पडली. खानदेशात तसं झालं नाही. बैलगाडीचा पल्ला आखूड झाला, पण काम वाढलं. आधी ती मुंबईच्या दिशेनं घाट उतरायची. आता गावातून जिनिंगला, जिनिंगमधून स्टेशनला. सकाळी निघायचं आणि रात्री घरच्या गोठ्यात परत. हा आखूड पल्ला पुढच्या हिशोबात कामी येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

यात खरं नुकसान झालं ते बंजाऱ्यांचं. गाडीवानाला शेत होतं, गोठा होता. बंजाऱ्यांचं सगळं वाटेवर होतं. लदेणी बुडाली, आणि चराऊ रानं जंगल खात्याच्या ताब्यात गेली तसे मुक्कामही गेले. वर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं भटकं जगणंच संशयास्पद ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. बंजारा समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे, त्यामागं हा इतिहास आहे. वाहन बदलतं तेव्हा कुणाचा मुक्काम सुटतो, हे पाहावं लागतं ते यासाठी.

विसाव्या शतकात पेट्रोल-डिझेल आलं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन होतं, तेव्हा मोटारींना कोळशाच्या गॅसच्या शेगड्या जोडून त्या चालवल्या गेल्या. माणूस अडला की इंधन बदलतो. पण स्वातंत्र्यानंतर खरा फरक केला तो टेम्पोनं. 'टेम्पो' हे मुळात बजाज टेम्पो कंपनीच्या गाडीचं नाव. आपण ते सगळ्याच छोट्या मालगाड्यांना देऊन टाकलं. मागोमाग मॅटाडोर आली. १९८४ मध्ये मारुती व्हॅन आली आणि २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती.

या गाड्यांनी माणसाला मुक्कामातून मोकळं केलं. पाच मिनिटांत टाकी भरा आणि चला. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा घ्या. तापीकाठचा हा घोडेबाजार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. तिथं येणारे दुकानदार दिवसा गाडीसमोर माल मांडतात, रात्री त्याच गाडीत किंवा ताडपत्रीखाली झोपतात. याला कुणी कॅम्पिंग म्हणत नाही. पण कामाची गाडी आणि राहायची गाडी एकच, हा प्रकार आपल्याकडं पोटासाठी चालतच आलाय. हौसेसाठी तो आता सुरू होतोय.

आता वीज. खानदेशाच्या दारात वीज बराच काळ थांबून होती. मुंबईकडून रेल्वेचं विद्युतीकरण १९३० पर्यंत इगतपुरीला पोचलं. तिथं विजेचं इंजिन काढायचं आणि पुढं भुसावळकडं कोळशाचं लावायचं. इगतपुरी-भुसावळ मार्गावर वीज यायला १९६० च्या दशकाचा शेवट उजाडला. जवळजवळ चाळीस वर्षं! इंजिनांत दोष नव्हता. पुढं तारा नव्हत्या, एवढंच.

आणि विजेची मालगाडीही नवी नाही. इंग्लंडमध्ये घरोघर दूध टाकणाऱ्या हजारो गाड्या विसाव्या शतकात बॅटरीवर चालत. वेग बेताचा, पल्ला तुटपुंजा. तरी त्या अनेक दशकं टिकल्या. कारण फेरी ठरलेली, थांबे ठरलेले, आणि रात्री गाडी डेअरीत परत. म्हणजे आपली जिनिंग ते स्टेशन बैलगाडीच! ज्याची फेरी ठरलेली आणि रात्रीचा मुक्काम घरचा, त्याला वीज तेव्हाही परवडत होती.

आता हा इतिहास आजच्या हिशोबाला लावून पाहू. टाटानं २०२२ मध्ये विजेवरची एस आणली. बॅटरी २१.३ युनिटची, कागदावरचा पल्ला १५४ किलोमीटर. माल भरून, उन्हाळ्यात, आपल्या रस्त्यांवर १०० धरून चाला. घरी १५ अँपिअरच्या प्लगवर साधारण तीन किलोवॅट मिळतात, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला सात तास. बरोबर एक रात्र. बैलाला लागायची तेवढीच!

जळगावहून एरंडोल, पारोळ्यावरून धुळे साधारण ९० किलोमीटर. म्हणजे जाता येईल, पण त्याच दिवशी परत यायचं तर धुळ्यात गाडी भरावी लागेल. जळगाव-भुसावळ मात्र पंचवीस किलोमीटर, दोनदा जाऊन या. आठवडे बाजार करणारा कापडवाला, भांडीवाला, दूधवाला, केळीची रोपं पोचवणारा रोपवाटिकेवाला, यांचा दिवस बहुतेक शंभराच्या आत असतो.

पैशाचं पाहू. आकडे आम्ही धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. शंभर किलोमीटरला वीज २३ युनिट, युनिट दहा रुपये, म्हणजे २३० रुपये. डिझेलला तेवढ्याच अंतराला ४८० धरू. रोज अडीचशे वाचले. वर्षाला ३०० दिवस गाडी चालली तर ७५ हजार. विजेची गाडी समजा तीन लाखांनी महाग पडली, तर चार वर्षांत फिटली. पण तुमचे आठवड्याला तीनच बाजार असतील तर? वर्षाला दीडशे दिवस, साडेसदतीस हजार, आठ वर्षं. तोवर बॅटरी म्हातारी होत आलेली. म्हणजे जो रोज राबतो त्याला ती स्वस्त, आणि ज्याचा धंदा बारीक त्याला महाग. बैलजोडीचंही हेच होतं. काम असो नसो, कडबा घालावाच लागे.

मग लोक म्हणतात, रिकाम्या दिवशी तीच गाडी घेऊन अजिंठ्याला, पाटणादेवीला, तोरणमाळला मुक्कामाला जाऊ. जाता येईल. अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. तोरणमाळचा घाट मात्र बॅटरी खातो, थोडी उतरताना परत मिळते. मुक्कामाला दिवा आणि पंखा रात्रभर लावला तर अर्धा युनिटही लागत नाही. कूलरला एक-सव्वा युनिट. शेगडीवर स्वयंपाकाला पाऊण-एक युनिट. हे सगळं बॅटरीच्या सातव्या हिश्शात बसतं. पण भुसावळच्या मे महिन्यात एसी लावून झोपायचं म्हटलं, तर पाच-सहा युनिट गेले. म्हणजे सकाळी पंचवीस किलोमीटर कमी.

यात दोन अडचणी सांगितल्याच पाहिजेत. एक, छोट्या मालवाहू गाड्यांच्या मोठ्या बॅटरीतून घरगुती प्लग काढण्याची सोय सहसा दिलेली नसते, आणि ती स्वतः तोडफोड करून काढायची नसते. दिवा-पंख्यासाठी वेगळी छोटी बॅटरी ठेवावी. दोन, मालवाहू परवान्याच्या गाडीत माणसं बसवून भाडं घेता येत नाही, आणि गाडीचा सांगाडा बदलायचा तर आरटीओची परवानगी लागते.

पण सगळ्यात मोठी अडचण गाडीत नाही, मुक्कामात आहे. शेतावर गाडी लावली तर पंपाची वीज ठराविक तासांची, तीही शेतीच्या दरानं शेतीसाठीच दिलेली. गावात गावठाण फीडरवर वीज असते, पण प्लग कुणाच्या ओट्यावरचा? राज्यानं २०२१ मध्ये विजेच्या वाहनांचं धोरण आणलं, त्याच वर्षी कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे, पाणी, वीज, स्वच्छतागृह यांसह. म्हणजे सरकारलाही कळलंय की गाडीइतकाच मुक्काम महत्त्वाचा.

आमचा आग्रह पुढचा आहे. हे मुक्काम फक्त हॉटेलांच्या आवारात आणि मोठ्या हायवेवर झाले, तर हौशी पर्यटकाची सोय होईल. सारंगखेड्याच्या यात्रेत गाडीखाली झोपणाऱ्या दुकानदाराची होणार नाही. बाजारतळ ग्रामपंचायतीचा असतो. बाजार समितीचं आवार, एसटी स्टँडची जागा, यात्रेचं मैदान, या सगळ्या सार्वजनिक जागा आहेत. तिथं मीटर लावलेले चार-सहा प्लग, एक नळ आणि सावली हवी. वीज तर आपल्याच भागात तयार होते. भुसावळजवळ दीपनगर आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, वरच्या पठारावर पवनचक्क्या आहेत.

तेव्हा तुमच्या ग्रामसभेत पुढच्या वेळी विजेच्या गाड्यांचा विषय निघाला, तर गाडी किती जाते एवढ्यावर थांबू नका. बाजारतळावर गाडी भरायची सोय कधी होणार, आणि तिचा दर कोण ठरवणार, हे विचारा. बंजाऱ्यांच्या वेळी ते कुणी विचारलं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.