साखळी आणि खुणा

आमच्या गावात पहिली घरची मोटार आली ती १९७६ साली. माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आबांनी, उसाच्या बिलातून ती कोल्हापुरातून जुनी घेतली. पांढरी ॲम्बॅसडर, मार्क टू. गाडी आबांची, पण वापर सगळ्या गावाचा. साप चावलेला माणूस असो, अडलेली बाळंतीण असो, नाहीतर मुलगी बघायला निघालेली मंडळी असोत, सगळ्यांना तीच एक. तालुक्याचा दवाखाना अठरा किलोमीटरवर. एसटी दिवसातून दोनदा. रात्री काही झालं तर या गाडीआधी फक्त बैलगाडी होती.

त्या काळी नवी मोटार घ्यायची म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळं जुनी गाडी दुरुस्त करत चालवायची, हे खेड्यात काय नि मुंबईत काय, सगळीकडं सारखंच. ॲम्बॅसडर त्याला सोयीची होती. मूळची ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. हिंदुस्थान मोटर्सनं ती १९५८ च्या सुमारास बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात काढायला सुरुवात केली. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन पुढं कितीतरी वर्षं फारसं बदललं नाही. एकदा शिकलेलं पुढच्या गाडीलाही कामाला यायचं.

१९८१ च्या गळीत हंगामात गाडीच्या पुढच्या अंगातून आवाज यायला लागला. गाडी जागेवर उभी असताना कोणी डब्यात खिळे घालून हलवावेत तशी खळखळ. आबांनी इंजिन मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं लांब पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावलं. बराच वेळ ऐकून म्हणाला, “आबा, टायमिंग चेन ढिली झालीया. दात सुटला तर गाडी जिथं हाय तिथंच ऱ्हाईल.”

ही साखळी करते काय? इंजिनात खाली क्रँक फिरतो, त्याच्या वर बाजूला कॅम. कॅम व्हॉल्व्ह उघडतो, पेट्रोल-हवा आत घेतो, धूर बाहेर सोडतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी व्हायला हवी, म्हणून वरचं चक्र खालच्याच्या दुप्पट दातांचं. क्रँक मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल तर एकेक व्हॉल्व्ह मिनिटाला दीड हजार वेळा उघडतो, आणि तोही ठरल्या क्षणी. हा मेळ ती साखळी सांभाळते. लोक म्हणतात साखळी ताणली. खरं तर लोखंड ताणत नाही. प्रत्येक कडीची पिन केसभर झिजते आणि सगळ्या झिजा मिळून साखळी लांब होते.

अशा साखळीचं मूळ सायकलच्या जमान्यातलं. हान्स रेनॉल्ड नावाच्या, स्वित्झर्लंडहून मँचेस्टरला गेलेल्या माणसानं १८८० साली बुश-रोलर साखळीचं पेटंट घेतलं. सायकलवरून तीच जात मोटारीच्या पोटात गेली. आपल्याकडचा योगही बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्याच दुकानापासून. पुढं नांगर आले, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स उभी राहिली.

त्या ऑईल इंजिनांनी आमच्या भागात मोट बंद केली. विहिरीविहिरीवर इंजिनाची धडधड सुरू झाली. ऊस वाळत असताना इंजिन बंद पडलं तर शहरातनं माणूस येईपर्यंत थांबता येत नाही. म्हणून गावोगाव इंजिन मिस्त्री तयार झाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सुटा भाग घ्यायला जायचं, तिथं उभं राहून काम बघायचं, आणि गावात येऊन करायचं, हीच त्यांची शाळा. आमचा मिस्त्री चौथी शिकलेला. पण डिझेल इंजिनाच्या गिअरवर कारखान्यानं मारलेल्या खुणा एकमेकींना कशा जुळवायच्या, हे त्याला अंधारातही जमायचं.

तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं आठ दिवस गाडी ठेवायला सांगितली. आठ दिवस गाव गाडीविना ठेवायला आबा तयार नव्हते, आणि मिस्त्री तर मुळीच नव्हता. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. तो म्हणाला, “दोन दिस द्या. अंगणातच उरकतो.” त्या दोन दिवसांसाठी शेजारच्यांनी आपली बैलजोडी गोठ्यातच ठेवली, रानात नेली नाही. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

मी तेव्हा नववीत. पाने पुसून हातात द्यायचे आणि संध्याकाळी कंदील धरायचा, हे माझं काम. आधी बॅटरीची तार सोडली, मग पाणी काढून रेडिएटर उतरवला. सगळ्यांत नाठाळ निघाला क्रँकच्या तोंडावरचा नट, ज्यात हँडल मारून गाडी सुरू करतात तो. त्याचा दुमडलेला वायसर छिन्नीनं सरळ केला, चाकांना दगड लावले, गाडी गिअरमध्ये टाकली आणि पान्यावर हातोडीचे ठोके दिले तेव्हा तो हलला. पुली निघाली, पुढचं झाकण निघालं, आणि साखळी दिसली. दुहेरी कड्यांची, तेलानं काळी, मधोमध झोळीसारखी लोंबलेली.

दोन्ही चक्रांवर एकेक बारीक टिंब मारलेलं असतं. मिस्त्रीनं टॉप गिअर टाकायला लावला आणि आम्ही गाडी बोट बोट ढकलली. टिंबं समोरासमोर आली तसा तो ओरडला, “बास! आता गाडीला कुणी हात लावू नका.” मग दोन्ही चक्रं साखळीसकट बाहेर काढली. आबा पहाटेच्या एसटीनं कोल्हापूरला जाऊन नवी साखळी आणि ऑईल सील घेऊन आले होते. सगळं रॉकेलनं धुतलं. नवी साखळी चक्रांवर चढवून टिंबं परत समोरासमोर धरली आणि दोन्ही चक्रं एकाच वेळी शाफ्टवर सरकवली. जाड कागद झाकणावर ठेवून हातोडीनं कडा ठोकत पॅकिंग कापलं. झाकणाचे बोल्ट आवळण्याआधी पुली बसवून पाहिली, म्हणजे सील मधोमध बसतं आणि तेल गळत नाही. हे त्यानं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गाडी सुरू झाली. खळखळ गेली होती. मिस्त्री हात न धुताच घरी गेला.

तिसऱ्या रात्री त्याची लेक घरीच सुईणीच्या हातानं सुखरूप बाळंत झाली. गाडी लागलीच नाही. पण तोंड रस्त्याकडं करून ती रात्रभर त्याच्या दारात उभी होती, आणि आबा आत बसल्या बसल्या डुलक्या घेत होते.

पुढं वीज आली, विहिरींवरची इंजिनं भंगारात गेली, आणि २०१४ साली उत्तरपाड्याचा कारखानाही थांबला. आता गाडी बिघडली की फोन करायचा; तो बरा की वाईट हा वेगळा विषय. मला एवढंच नोंदवायचं आहे की खेड्यातली माणसं यंत्राला बिचकत होती, असं जे लिहिलं जातं ते आमच्या भागापुरतं तरी खरं नाही. यंत्र उघडायला ती शिकली होती, कारण ते बंद पडलं तर काय थांबतं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. कधी उभं पीक, कधी कुणाची लेक.