अनेकान्ताची कुळकथा

इंदूरच्या रेल्वे स्टेशनजवळचं सियागंज ही ठोक किराण्याची पेठ. अशा पेठेत जिऱ्याच्या एकाच गोणीला एक गिऱ्हाईक उत्तम म्हणतं आणि दुसरं नाकारतं. मसाला कुटणाऱ्याला वास हवा असतो, सुटं विकणाऱ्याला दाण्याचा रंग. दोघांचंही म्हणणं खरं; पण गोणीचं वजन दोघांनाही सारखंच. सत्य अनेक मानणाऱ्यानं जगावं कसं, याचं उत्तर या दोन्ही गोष्टी एकत्र धरण्यात आहे. इंदूरच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या जैन समाजाकडे या विचाराला जुनं नाव आहे : अनेकान्त.

त्याचं मूळ आगमांत, म्हणजे जैन धर्मग्रंथांत, सापडतं. त्यांतल्या भगवतीसूत्रात स्कंदक या परिव्राजकाचा प्रश्न येतो, जग सान्त की अनन्त? महावीर सांगतात, द्रव्य आणि क्षेत्र पाहिलं तर सान्त, काळ आणि भाव पाहिला तर अनन्त. पुढे सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्का’त नयांची (पाहण्याच्या वेगवेगळ्या दृष्टींची), समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त सप्तभंगीची (एकाच वस्तूबद्दल ‘स्यात्’ लावून करायच्या सात विधानांची) बाजू मांडली, हरिभद्रांनी ‘अनेकान्तजयपताका’ लिहिली आणि १२९२ मध्ये मल्लिषेणांची ‘स्याद्वादमंजरी’ आली. वाढ झाली ती विरोधकांशी झुंजत. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात विचारलं, थंडी आणि ऊब यांसारखे विरुद्ध धर्म एकाच वस्तूत एकाच वेळी कसे राहतील? आणि शिकवणच अनिश्चित असेल, तर अनुयायी कशाच्या भरवशावर वागतील? पहिल्याचं उत्तर सोपं आहे : दोन विधानांची अपेक्षाच, म्हणजे पाहण्याची बाजूच, वेगळी असते, म्हणून विरोध उरत नाही. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘या अपेक्षेनं’, आणि त्या अपेक्षेपुरतं विधान पक्कं.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे, कारण तो आचरणाचा आहे. त्याचं उत्तरही भगवतीसूत्रात आहे. कौशांबीची जयंती महावीरांना विचारते, झोपणं चांगलं की जागणं? उत्तर मिळतं, अधर्मानं जगणाऱ्याचं झोपणं चांगलं, धर्मानं जगणाऱ्याचं जागणं. उत्तर माणसागणिक बदललं, पण जिवांना त्रास होऊ नये ही कसोटी तीच राहिली. म्हणूनच अनेकान्त मानणाऱ्या परंपरेनं अहिंसेचं व्रत सैल केलं नाही. ‘माझ्या दृष्टीनं हेच वजन बरोबर’ म्हणत माप मारणाऱ्याला या विचारात आसरा नाही. त्याला आपली अपेक्षा गिऱ्हाइकासमोर उघड मांडता येत नाही, तिथेच तो पडतो. अनेक सत्यं मानणाऱ्यानं आपण कुठून पाहतो ते आधी सांगावं, दुसऱ्याचं म्हणणं त्याच्या जागी उभं राहून तपासावं, आणि मग ठामपणे वागावं. हे एकच सत्य मानण्यापेक्षा अवघड आहे आणि अधिक प्रामाणिकही.