मी तर ओटीपी कुणाला दिलाच नाही!

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. आवाज एकदम बसलेला. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालीय, हिशेबाला पक्की. तिला ओळखीच्याच एका नंबरवरून व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ आली. तिने उघडली. फोनने कसल्या कसल्या परवानग्या मागितल्या, तिने देऊन टाकल्या. पत्रिका काही दिसली नाही. दुसऱ्या दिवशी खात्यातून ४८ हजार गेले. तिचं एकच पालुपद: “अरे, मी ओटीपी कुणाला दिलाच नाही!”

खरंच दिला नव्हता. ती पत्रिका नव्हतीच, एपीके फाईल होती. म्हणजे अख्खं ॲप. अशी ॲप्स आपले एसएमएस परस्पर वाचून चोराकडे पाठवतात. काही तर बँकेसारखा खोटा स्क्रीन दाखवून पासवर्डही काढून घेतात. मग ओटीपी मागायला फोन कशाला करायचा?

मला पैशांपेक्षा दुसरंच जास्त लागलं. तीन दिवस तिने घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. लाजेपोटी. “एवढी शिकलेली बाई, आणि...” असं कुणी म्हणेल म्हणून.

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न घोळतोय. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं आजचं नाही. मग त्याची लाज ऐकणाऱ्याऐवजी ज्याचं ऐकलं त्याला कधीपासून वाटायला लागली?

जरा मागे जाऊ. ट्रंक कॉलचा जमाना आठवतोय? नंबर लावून द्यायला एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर बसलेला असायचा आणि मनात आणलं तर त्याला सगळं ऐकू यायचं. म्हणून जुनी माणसं म्हणायची, “फोनवर नको, भेटल्यावर बोलू.” सरकारला ऐकायचं असेल तर त्यासाठी १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता. इंग्रजांनी तारांसाठी केलेला, आपण स्वातंत्र्यानंतरही तोच वापरला. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता एवढं कारण दाखवलं की संदेश अडवता यायचा.

पण तेव्हा ऐकणाऱ्यालाही किंमत मोजावी लागायची. १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या प्रकरणात कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजीनामा द्यावा लागला. त्याआधी १९८६ मध्ये टपाल उघडून पाहण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक संसदेने मंजूर केलं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. तसंच ठेवून दिलं!

पुढे पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ डिसेंबर १९९६ चा तो निकाल प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. फोनवरचं खासगी बोलणं हा खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाने सांगितलं. टॅपिंगचा आदेश गृहसचिवांच्या पातळीवरूनच निघेल, दोन महिनेच चालेल, वाढवला तरी सहा महिन्यांपलीकडे नाही, आणि त्याची फेरतपासणी करायला समिती असेल. थोडक्यात, बंधन ऐकणाऱ्यावर. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्कच ठरवला.

कागदावर सगळं चोख. दरम्यान फोन मात्र खिशात आला आणि ऐकण्याची तऱ्हाच पालटली.

ऑगस्ट २०१६. संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना मेसेज आला: तुरुंगातल्या छळाची गुपितं हवी असतील तर ही लिंक उघडा. त्यांनी ती उघडली नाही, टोरांटोच्या सिटिझन लॅबमधल्या संशोधकांकडे पाठवली. त्यातून इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस जगासमोर आलं आणि ॲपलला घाईघाईने अपडेट काढावं लागलं. एका माणसाच्या सावधपणाने लाखो आयफोन सुरक्षित झाले. पुढच्याच वर्षी त्या माणसाला अटक झाली आणि नंतर दहा वर्षांची शिक्षा.

आणि मग ‘लिंक उघडू नका’ हा सल्लाही अपुरा पडला. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने सांगितलं की नुसत्या व्हिडिओ कॉलमधून हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर सुमारे १,४०० लोकांच्या फोनमध्ये घुसवायचा प्रयत्न झाला. कॉल उचलायचीही गरज नव्हती. त्या यादीत भारतीय होते, आपल्या नागपूरचे एक वकीलही होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली चौकशी नेमली. २९ फोन तपासले, पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच होतं असं ठामपणे म्हणता आलं नाही. केंद्र सरकारने सहकार्य केलं नाही, असंही समितीने नोंदवल्याचं सरन्यायाधीशांनी २०२२ मध्ये कोर्टात सांगितलं.

आता कुणी म्हणेल, पेगासस कुठे आणि आत्याची लग्नपत्रिका कुठे! बरोबर आहे. एक पत्रकार-वकिलांच्या मागे लागणारं महागडं हत्यार, दुसरं भुरट्या चोरांचं. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. ऐकणारा दिसत नाही, आणि सगळी जबाबदारी फोनवाल्यावर. ‘सावध राहा’ म्हटलं की व्यवस्था मोकळी.

सावध तर राहायलाच हवं. फोनचं अपडेट आलं की टाळू नका, त्यातच जुनी भगदाडं बुजवलेली असतात. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके ओळखीच्याने पाठवली तरी उघडू नका, त्याचाच फोन हॅक झालेला असू शकतो. एसएमएस आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’च्या परवानग्या कुठल्या ॲपला दिल्यात ते तपासा. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावा. आणि पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त.

आत्याचे ते तीन दिवस म्हणून मला सलतात. चोराने पैसे नेले, पण ते तीन दिवस आपल्या टोमण्यांच्या भीतीने गेले.

तेव्हा आज संध्याकाळी घरातल्या मोठ्यांचा फोन हातात घ्या, सेटिंग्ज बघून द्या, आणि एवढंच सांगा: काही झालं तर आधी मला सांग, मी रागावणार नाही. आणि मत मागायला येतील त्यांना विचारा, ऐकणाऱ्याला जाब कोण विचारणार? १९९६ मध्ये कोर्टाने विचारला होता. आता आपण विचारायला हवा.