पिस्टन–हेड अंतर

पिस्टन सर्वांत वर (टॉप डेड सेंटरला) आला असता त्याचा सपाट माथा आणि सिलिंडर हेडचा सपाट भाग यांच्यात उरणारी फट. पिस्टन वर येताना या फटीतले मिश्रण चेपून दहनकक्षात जोराने फेकले जाते. त्यामुळे घुसळण वाढते, ज्वाला लवकर पसरते आणि नॉकिंगला आळा बसतो.

इतिहास : साइड व्हॉल्व्ह इंजिनांच्या हेडमध्ये हे तत्त्व हॅरी रिकार्डो यांनी पहिल्या महायुद्धानंतर रुजवले.

माप : पोलादी कनेक्टिंग रॉड असल्यास थंड इंजिनात सुमारे 1 मिमी (0.040 इंच). ॲल्युमिनियमचे रॉड तापून अधिक वाढतात, म्हणून तिथे सुमारे 1.5 मिमी. यापेक्षा किती खाली जावे, यावर बांधणी करणाऱ्यांत एकमत नाही. फट मोठी ठेवली की इंजिन सुरक्षित, हा समज मात्र घातक आहे. 2 मिमीच्या पुढे चेपण्याचा जोर ओसरतो आणि नॉकिंग बळावू शकते.

शेव्हरोले 350 या व्ही-8 इंजिनात डेकची (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाची) उंची क्रँकच्या मध्यापासून 9.025 इंच. अर्धा स्ट्रोक 1.74, रॉड 5.7 आणि पिस्टनची पिनपासून माथ्यापर्यंतची उंची 1.56, मिळून 9.000. म्हणजे पिस्टन डेकखाली 0.025 इंच राहतो. त्यावर दाबल्यावर 0.041 इंच उरणारे गॅस्केट बसवले की फट 0.066 होते. ती 0.040 वर आणायची तर पातळ गॅस्केट घ्यावे किंवा ब्लॉकचा डेक घासून घ्यावा. 1 मिमी घासल्यास दर सिलिंडरमागे सुमारे 8 घसेमी जागा घटते, त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो पुन्हा मोजणे अपरिहार्य.

मोजणी : कागदावरच्या बेरजेवर विसंबू नये. डायल गेजचे टोक गजन पिनच्या रेषेवर टेकवावे. कडेला टेकवल्यास पिस्टन डुलतो आणि आकडा फसवतो. खात्रीसाठी मऊ डाखाच्या तारेचे तुकडे माथ्याच्या सपाट भागावर ग्रीसने चिकटवावेत, वापरलेले गॅस्केट घालून हेड पूर्ण टॉर्कने आवळावे आणि क्रँक हाताने एक फेरा फिरवावी. चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजली की खरी फट कळते. चारही कोपऱ्यांचे सिलिंडर तपासावेत, कारण डेक क्रँकला समांतर असतोच असे नाही. पुढे कधी हेड उघडल्यावर माथ्याच्या काठावरची काजळी पुसून धातू चकाकत असेल, तर पिस्टन हेडला टेकू लागला आहे.

व्हॉल्व्हपासूनचे अंतर वेगळे मोजतात.

डिझेल इंजिने : पिस्टन डेकच्या किती वर येतो ते मोजून वेगवेगळ्या जाडीच्या गॅस्केटांतून निवड करतात.